समेवरचं नाव

“शिव... कुमाऽऽर!”

नाव तोंडातून निघालं, त्यावर टाळ वाजला आणि मग सिद्धेश्वरला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

गोलात उभी असलेली लाल टी-शर्टातली पोरं जागच्या जागी थिजली. कुणी बुटाकडं पाहू लागलं, कुणी पाठीवरच्या रिकाम्या बॅगेचा पट्टा उगाच ओढू लागलं. कारण शिवकुमार आदल्याच संध्याकाळी अर्धापूरच्या रस्त्यावर अपघातात गेला होता. कडेला उभ्या केलेल्या केळीच्या ट्रकवर मागून आदळला. उजेड ना अंधार, अशा घटकेला. त्याच्या बॅगेतली पार्सलं रस्ताभर पसरली होती, ती गोळा करायला नांदेडच्या हबमधून, म्हणजे कंपनीच्या गोदामातून, गाडी गेली. त्याला न्यायला सरकारी दवाखान्याची आली.

रोज सकाळी गोलात नावं घ्यायची, हे काम सिद्धेश्वरचं. नुसती नावं घ्यायचा कंटाळा येतो म्हणून त्यानं त्यांना चाल लावली होती. यज्ञेश, वीरण्णा ही खालच्या पट्टीतली, मग हळूहळू चढत जाऊन शिवकुमार नेमका समेवर. तिथं टाळ पडायचा. रोज पडायचा तसा आजही पडला. जीभ चालीमागं गेली, आणि काल कोण गेलं हे चालीला काय ठाऊक!

टाळ विरला. पुढं काहीच नाही.

कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला हे सांगायला नको, पण सांगतो. बुवा चरण म्हणून सोडतात आणि मागं उभे असलेले टाळकरी ते उचलतात. बुवांना ठसका लागो, माईक बंद पडो, वाऱ्यानं मांडव हलो. सोडलेलं चरण खाली पडता कामा नये. टाळकऱ्याला दुसरा धर्म नाही. सिद्धेश्वर पोरवयापासून सप्ताहात टाळ धरून उभा राहिलेला माणूस. ती शांतता त्याला सोसेना. कुणीच उचलेना, तसं त्याच्याच गळ्यातून निघून गेलं,

“हजर!”

टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेल्या मिहिर सरांनी मान खाली घालूनच बटण दाबलं. ‘हजर’ ऐकलं की नावापुढं हिरवा ठिपका लावायचा, ही त्यांच्या बोटांची सवय. ठिपका लागला. मग त्यांनी मान वर केली. सिद्धेश्वरकडं पाहिलं, ठिपक्याकडं पाहिलं, आणि काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

“पुढे,” ते म्हणाले.

सिद्धेश्वरनं पुढचं नाव घेतलं.

*

नांदेडच्या मालेगाव रस्त्यावरचा हा हब सुरू झाला तेव्हा एका शटरचा होता. बघता बघता शेजारची दोन्ही गोदामं त्यानं पोटात घेतली. कंपनी वाढत होती, आणि ती वाढते आहे हे रोज सकाळी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं जाई. “आपण कुटुंब आहोत,” हे भिंतीवर लिहिलं होतं. “इथं कुणी सर नाही, मला मिहिर म्हणा,” असं नव्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा पोरं एका सुरात म्हणाली, “बरं, मिहिर सर.”

सिद्धेश्वर आधी जिनिंगवर मुकादम होता. सरकी आणि रुईत वयाची पंचेचाळिशी आली. इथं तो पार्सलं गल्लीवार लावून रायडरांना वाटून द्यायचा. पोरं त्याला मामा म्हणत. सकाळच्या गोलात टाळ्या पडत नाहीत, पोरं झोपेत असतात, म्हणून मिहिर सर कुरकुरत, तेव्हा कुणीतरी चुगली केली, “सर, मामा कीर्तनात टाळ वाजवतेत. लई खडा आवाज हाय.”

“मग आणा की टाळ,” सर खूश झाले. “एनर्जी पाहिजे आपल्याला.”

घरी कुसुमनं, सिद्धेश्वरच्या बायकोनं, टाळ खुंटीवरून काढताना नवऱ्याला अडवलं होतं. “देवाचं हत्यार हाय ते. दुकानात कशाला नेऊन राहिले?”

“अगं, नावं घ्यायचीत पोरांची. नावं घेनं काय वाईट हाय का?”

कुसुमनं रिकाम्या खुंटीकडं पाहिलं आणि ती आत गेली. ते सिद्धेश्वरला पुढं फार दिवस आठवत राहिलं.

टाळ आले आणि गोलाला खरंच रंग चढला. पुण्याहून मोठे साहेब आले तेव्हा त्यांनी मोबाइलवर चित्रण करून नेलं. पण त्या गोलाची आणखी एक रीत होती. आदल्या दिवशी ज्याची पार्सलं जास्त परत आली त्याला मधोमध उभं करायचं आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती टाळ्या वाजवायच्या. आधी सावकाश, मग जलद, मग अगदी पाऊस पडल्यासारख्या. शिक्षा नाही म्हणे ही. ‘चार्ज करणं’ म्हणायचे याला. मधला माणूस हसायचा. न हसून करतो काय?

अपघाताच्या दिवशी सकाळी मध्ये शिवकुमार होता. जळकोटकडच्या एका खेड्यातला पोरगा, चेष्टेखोर, गल्लोगल्लीच्या म्हाताऱ्या ज्याला पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत असा. म्हणूनच त्याला उशीर व्हायचा.

“काय मामा,” मधूनच तो ओरडला होता, “काल्याचं कीर्तन हाय का आज? लाह्या तरी आना की!”

पोरं खदखदली. सिद्धेश्वरही हसला आणि हसत हसत त्यानं लय वाढवली. टाळ असा वाजवला की शिवकुमारनं दोन्ही हात वर करून एक गिरकी घेतली.

“आज एक बी पार्सल माघारी आनत न्हाई बगा!” जाता जाता तो म्हणाला.

एकही माघारी आलं नाही. रस्त्यावर पडलेलं गोळा करून आणलं तेवढंच.

*

‘हजर’ म्हटलं त्याच दुपारी मिहिर सरांनी सिद्धेश्वरला मागच्या खोलीत बोलावलं. सरांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पहाटेपर्यंत ते दवाखान्याच्या दारात होते. माणूस वाईट नव्हता. पुण्यात तान्हं मूल आणि बायको, इथं हे. तिथं बदली व्हायची तर नांदेडचा हब लातूरच्या हबच्या पुढं दिसायला हवा, एवढं एक त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढं दिसायचं म्हणजे रोज हजर असलेले रायडर जास्त दिसायचे.

“मामा, ते नाव आहे तसं राहू दे सध्या.”

“म्हंजे, सर?”

“नवीन रायडर आलाय ना, दयानंद. त्याचा आयडी वरून यायला वेळ लागतोय. सगळीकडे भरती चालू आहे, आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तोवर तो रिकामा बसणार. त्यापेक्षा... याच्या आयडीवर फिरेल. तात्पुरतं. अपघाताचं सगळं मी वर कळवलंय, काही लपवाछपवी नाही त्यात. फक्त आयडी.”

“सर, पन त्याचं नाव...”

“नाव म्हणजे सिस्टीममधलं नाव, मामा.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आणि सकाळी तुम्हीच म्हणालात ना हजर?”

सिद्धेश्वर पार्सलांकडं परतला.

गावी अंत्यविधीला हबमधून कुणी जाऊ शकलं नाही. सणाचे दिवस, पार्सलांचे ढीग छताला लागलेले. एक पुष्पचक्र पाठवलं, तेवढंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून गोलात समेवर “शिवकुमार” म्हटलं की दयानंद “हजर” म्हणू लागला.

दयानंद अर्धापूरचा. लग्नाला वर्ष झालेलं, अंगानं दांडगा, बोलायला थोडा. केळीच्या बागेतली कामं सोडून इथं आलेला. पहिले काही दिवस तो ‘हजर’ असं म्हणे, जसं काही चोरून घरात शिरतो आहे. मग सवय झाली. सवय होते, याचीच खरी भीती.

एके दुपारी तो पार्सलं घेऊन जायचा तो सिद्धेश्वरच्या टेबलाशी रेंगाळला.

“मामा, एक इचारू?”

“इचार की.”

“भाग्यनगरच्या गल्लीत एक म्हातारी हाय. फोनवर त्याचा फोटो बगती, मंग माझं तोंड बगती. काल म्हनली, लेकरा, लई वाळलास रे. अन् पानी दिलं.”

“मंग? तू सांगितलं न्हाईस, मी दुसरा हाय म्हनून?”

“सांगनारच होतो.” दयानंदनं बॅगेची चेन उघडली, लावली. “पन ती म्हनली, मागच्या बारीला पानी न पिता गेलास, मला घोर लागला. मंग मी पेलो. काय करू?”

सिद्धेश्वरनं पार्सलावरचा पत्ता पुन्हा वाचला. तो आधीच वाचलेला होता.

“अन् हे फोन,” दयानंद आवाज उतरवून म्हणाला. “गाडी चालू केली की त्याच्यातली बाई म्हनती, नमस्कार शिवकुमार, सावकाश जा. रोज म्हनती, मामा. अर्धापूरच्या रस्त्याला लागलो की माझे हातपाय गार पडतेत. आता तर घरी बायकोनं दयानंद म्हनून हाक मारली तरी मला येळानं कळतंय.”

“आयडी आला की सुटशील.”

“कव्हा येनार?”

“येईल.”

दयानंद खरा मेहनती. पार्सल माघारी आणायचा नाही. महिना सरला आणि वरून एक मोठा चकचकीत फोटो आला. महिन्यातला सगळ्यात चांगला रायडर म्हणून. फोटोत शिवकुमार हसत होता. नोकरीला लागताना काढलेला फोटो, गळ्याशी शर्टचं वरचं बटण लावलेलं. दर महिन्याला असा फोटो येई आणि तो शटरजवळच्या खिळ्याला टांगायची रीत होती. मिहिर सर तो हातात घेऊन खिळ्यापाशी उभे राहिले.

“नाही लावला तर विचारतील,” ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच तो टांगला.

त्या एकादशीला सिद्धेश्वर गल्लीतल्या मंदिरात कीर्तनाला उभा राहिला. बुवा जुने, आवाज मधाळ. पूर्वरंग झाला, बुवांनी चरण सोडलं, आणि सिद्धेश्वरच्या शेजारचे सगळे ते उचलून पुढं गेले. त्याचं तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता. उचलायला गेलं की ओठांवर एकच शब्द येऊन बसे, आणि तो देवाचा नव्हता. त्यानं टाळ तसेच हातात धरून ठेवले, वाजवल्यासारखे केले. घरी येताना कुसुमनं विचारलं, “घसा बसला का?”

“हाव,” तो म्हणाला.

*

कस्तुराबाई आली ती सकाळची वेळ होती. गोल नुकताच धरलेला. शटरपाशी एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पार्सलाची तक्रार घेऊन बायामाणसं अशी येतच, म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ती खिळ्यावरच्या फोटोखाली उभी होती आणि फोटोकडं पाहत होती, एवढं सिद्धेश्वरला ओझरतं दिसलं.

नावं सुरू झाली. यज्ञेश, हजर. वीरण्णा, हजर. चाल चढत गेली.

“शिव... कुमाऽऽर!”

टाळ पडला.

“हजर!” दयानंद म्हणाला.

पिशवी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. ती बाई गोलात शिरली. पोरांना दोन्ही हातांनी बाजूला सारत मधोमध आली, जिथं माणसं चार्ज करतात त्या जागी, आणि गरकन फिरून तिनं एकेक तोंड पाहिलं.

“कोन म्हनलं? कोन म्हनलं हजर?”

दयानंदचा हात अजून अर्धा वर होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याची हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं.

“तू न्हाईस.”

“न्हाई, माय.”

“मंग कामून म्हनलास?”

दयानंदनं सिद्धेश्वरकडं पाहिलं. सिद्धेश्वरला तेवढ्यात कळून चुकलं होतं. फोटोतलं नाक, आणि हे नाक. त्यात वेगळं काही नव्हतं.

मिहिर सर खुर्ची घेऊन धावले. “मावशी, बसा ना. पाणी घ्या. अरे, पाणी आणा कुणीतरी. मावशी, ते काय आहे, आमच्या सिस्टीममध्ये नाव राहून गेलंय, त्यामुळे...”

“मला बसायचं न्हाई बाबा. तुमचं ते शिस्टीम बी मला कळत न्हाई.” तिनं कमरेची थैली उघडून मोबाइल काढला. “माझी भाची हाय उज्ज्वला, सिडकोत राहती. तिनं चपला मागवल्या. ती बाहेर गेलती, अन् फोनवर आलं, शिवकुमार तुमच्या दारात आला हाय. संगं फोटो. पोरगी धावत पळत घरी गेली, तर दारात चपला अन् शिवा न्हाई. रडत फोन केला तिनं मला. म्हनली, मावशे, दादा येऊन गेला.”

तिनं मोबाइल पुन्हा थैलीत ठेवला.

“मी म्हनलं, येडी का काय तू? पन रातभर डोळ्याला डोळा न्हाई. कारन मी त्याचं तोंड बगितलंच न्हाई. गावाकडं आनला तव्हा समदा गुंडाळून आनला. म्हनले, बगवनार न्हाई. मी माय हाय, मला कामून बगवनार न्हाई? दुसऱ्याचं लेकरू आनून ठिवलं असंल तर? कुनाला माती दिली मी?” तिनं शटरकडं बोट केलं. “अन् हितं येऊन बगते तर हे. घरच्या फोटोला मी हार घातलाय. ह्या फोटोला हार न्हाई. गेलेल्या मानसाचा फोटो बिनहाराचा कोन लावतंय, सांगा की. अन् वर तुमी नाव घेता. वर कुनीतरी हजर म्हनतंय.”

मिहिर सर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. आज त्यांच्याजवळ ‘पुढे’ म्हणण्याचीही सोय नव्हती.

कस्तुराबाई सिद्धेश्वरकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“नाव तुमी घेतलं ना, दादा? लई ग्वाड घेतलं. मी त्याची माय, पन मी बी अशी हाक मारली न्हाई त्याला कधी. मी आपली शिव्या म्हनायची.” ती जवळ आली. “तुमच्या तोंडानं नाव घेतलं, आता तुमच्याच तोंडानं सांगा. माझं लेकरू हाय, का न्हाई?”

कीर्तनात अर्थ सांगायचं काम बुवांचं. दृष्टान्त त्यांनी द्यायचा, माणसांच्या डोळ्यांत पाणी त्यांनी आणायचं. टाळकरी मागं उभा. त्याला कुणी कधी काही विचारत नाही, आणि त्या न विचारण्याच्या आडोशाला सिद्धेश्वरचं निम्मं आयुष्य सुखात गेलेलं. आता आडोसा नव्हता. पुढं बुवा नव्हते. ‘न्हाई’ एवढा एक शब्द म्हणायचा होता, आणि तो त्याला उचलता येईना.

त्यानं टाळ छातीशी धरले. डोळे मिटले. डावा हात पसरून दयानंदकडं धरला, थांब म्हणून.

“शिव...”

ही हाक रोजची नव्हती. ती हबमधून निघाली नाही, कुठल्या तरी माळावरच्या देवळातून निघाल्यासारखी आली.

“...कुमाऽऽऽर!”

टाळ पडला. लांबट, एकच ठोका. तो पत्र्याला जाऊन लागला, गोदामांतून फिरला आणि हळूहळू विरत गेला.

कुणी हजर म्हणालं नाही.

छपराच्या लोखंडी कैचीवर कबुतर हललं. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला. आणि मध्येच, दयानंदच्या खिशातून, फोनमधली बाई गोड आवाजात बोलली, “शिवकुमार, आजची पहिली डिलिव्हरी तुमची वाट पाहत आहे.”

दयानंदनं फोन काढला. बटण दाबून त्यानं तो बंदच करून टाकला आणि पायाशी, फरशीवर ठेवून दिला, जशी चप्पल काढून ठेवतात तसा.

पुन्हा शांतता. ती पडू द्यायची नाही, हे सिद्धेश्वरच्या हाडात भिनलेलं. ‘हजर’ ओठांपर्यंत आलं. त्यानं दात आवळले. चरण खाली पडलं. पडू दिलं त्यानं.

कस्तुराबाई कान देऊन उभी होती. मान जरा तिरकी, शेतात लांबून कुणाची साद येते का हे ऐकणाऱ्या बाईची असते तशी. मग तिनं पदराचं टोक ओठांशी नेलं.

“न्हाई,” तीच म्हणाली. “एवढी हाक मारली तुमी. असता तर ओ दिली असती त्यानं. असा मुकाट ऱ्हानारा नव्हता माझा शिव्या.”

आणि तिथंच, गोलाच्या मधोमध, ती खाली बसली.

पोरांपैकी कुणीतरी आधी बसलं, मग दुसरं. बघता बघता अख्खा गोल फरशीवर मांडी घालून बसला. टाळ्या वाजवणारे हात कुठं ठेवावेत ते कुणाला कळत नव्हतं. मिहिर सर तेवढे उभे होते. ते टेबलापाशी गेले. हिरव्या ठिपक्यावर त्यांचं बोट थोडा वेळ नुसतंच राहिलं. मग त्यांनी तो पुसला, आणि लॅपटॉप मिटून ते त्या खुर्चीत बसले, जी त्यांनी तिच्यासाठी आणली होती.

*

ती फार थांबली नाही. यष्टी चुकेल म्हणाली. पाणी प्याली, पिशवी उचलली. शटरपाशी मात्र पुन्हा थबकली.

“ह्याला हार घाला,” ती फोटोकडं पाहत म्हणाली. “मी न्हाई घालनार. एकदा घातला मी. मायला दोनदा घालायला लावू नये.”

“आत्ता आणतो, मावशी,” मिहिर सर म्हणाले. “वजिराबादला फुलवाले...”

पण ती चपला घालू लागली होती. हार येईपर्यंत ती निघून जाणार आणि फोटो तसाच राहणार. सिद्धेश्वरनं हातातले टाळ पाहिले. दोन वाट्या, मधे दोरी. वडिलांच्या हातची दोरी झिजून मऊ झालेली. तो पुढं गेला आणि ती दोरी त्यानं फोटोच्या खिळ्यावरून अडकवली. टाळ दोन्ही बाजूंनी खाली आले, शिवकुमारच्या लावलेल्या बटणाशी येऊन टेकले आणि एकदा, अगदी बारीक, वाजले.

कस्तुराबाईनं ते पाहिलं. “टाळकरी का तुमी?”

“हाव, माय.”

“आमच्या गावात सप्ताह बसतो. या. तितं घ्या त्याचं नाव. तितं घेतलेलं चालतंय.” आणि दयानंदच्या दंडाला हात लावून ती म्हणाली, “तू पानी पीत जा रे. उनाचं फिरतूस.”

रस्ता ओलांडून ती गेली.

पुढं लातूरचा हब वर आला, नांदेडचा खाली गेला. मिहिर सरांची बदली व्हायची राहिली; मूल आता रांगायला लागलंय, असं ते फोनवरचं चित्र दाखवून सांगतात. दयानंदचा आयडी अखेर आला. पहिल्या दिवशी फोनमधल्या बाईनं त्याचं नाव घेतलं तेव्हा तो हबच्या दारात गाडी बंद करून नुसता उभा राहिला होता. भाग्यनगरातल्या म्हातारीला त्यानं सगळं सांगितलं म्हणे. तिनं आधी त्याला शिव्या घातल्या, मग पाणी दिलं.

गोल अजून धरतात, पण वरून आता एक स्पीकर आलाय. त्याच्यावर कसलंतरी गाणं लागतं आणि नावं कुणीही घेतं, सपाट, पाढे म्हटल्यासारखी. माणसाला मध्ये उभं करायचं कुणी बंद केलं असं नाही. फक्त त्या दिवसानंतर कुणी मध्ये गेलं नाही आणि कुणाला जा म्हणून सांगायचं धाडस झालं नाही.

सिद्धेश्वर एकादशीला मंदिरातले मंडळाचे टाळ घेतो. पुन्हा आवाज लागू लागलाय, कधी लागतो, कधी नाही. घरच्या खुंटीकडं पाहून कुसुमनं एकदा विचारलं, “टाळ कधी आनता?”

“ऱ्हाऊ दे तितंच,” तो म्हणाला. या खेपेला तिनं मान हलवली.

महिना बदलला तसा फोटो उतरला. दुसऱ्याचा आला, त्यानंतर आणखी कुणाचा. ते आता बाजूच्या खिळ्याला टांगतात. जुन्या खिळ्याला टाळ आहेत. सकाळी शटर वर ढकललं की भिंत हलते, आणि त्या दोन वाट्या एकमेकींना टेकतात. आवाज होतो न होतो. आत शिरणारी पोरं तेवढ्यापुरती थांबतात, नवी आलेलीसुद्धा, का ते ठाऊक नसताना.

मग स्कॅनर सुरू होतात.